भिंतीबाहेरचा मार्टिन

काचेतून वास येत नाही. क्लबच्या नव्या इमारतीत शिरलं की डाव्या हाताला ते कपाट आहे, आत दिवा आहे, पांढऱ्या कापडावर मार्टिनचा बॉल ठेवलेला आहे. मुलीला, ईराला, प्रॅक्टिसला सोडायला गेले की दर वेळी मी त्या कपाटासमोर मूर्खासारखी नाक पुढे करून उभी राहते. फिनाइलचा वास येतो, नव्या रंगाचा येतो, पोरांच्या ओल्या मोज्यांचा येतो. बॉलचा येत नाही. त्या चामड्याला माझ्या स्वयंपाकघरातल्या खोबरेल तेलाचा वास आहे, हे गॉलवेबाहेरच्या या गावात आता आम्हा दोघींनाच ठाऊक. ठाऊक असलेला तिसरा गेला.

बॉल लांबट आहे, पपईसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. चामड्याचा लाल रंग उडून विटकरी झालाय आणि मधल्या शिवणीवर पांढरी नाडी आवळलेली आहे. इथली पोरं खेळतात तो गेलिक फुटबॉल, त्याचा बॉल गोल आणि पांढरा. मार्टिनचा हा ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचा. दोन्ही खेळांत बॉल हातात घेता येतो, पायाने लांब मारता येतो, उंच उडी घेऊन झेलता येतो. चुलतभाऊच म्हणायचे. आणि चुलतभावांत असते तशीच धुसफूसही त्यांच्यात आहे, ती मार्टिनच्या वाट्याला आली.

मार्टिन आमचा शेजारी. त्याच्या अंगणात आणि आमच्या अंगणात कमरेएवढी दगडी भिंत. गावात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे, 'द ऑस्ट्रेलियन' म्हणत, आणि तो इथेच, त्याच घरात जन्मलेला होता. मी त्याच्याबद्दल अरेतुरेत बोलते म्हणून सांगलीहून आई व्हिडिओ कॉलवर रागवायची. "अगं, ऐंशीच्या पुढचा माणूस तो, आजोबा म्हणावं." पण इंग्रजीत सगळे सारखेच, आणि मार्टिनला आजोबा म्हटलं असतं तर त्याने भिंतीवरून उडी मारून दाखवली असती.

एकोणिसाव्या वर्षी तो बोटीने निघाला, मेलबर्नला उतरला आणि गव्हाच्या मुलखातल्या एका लहान गावात रेल्वेच्या रुळांवर कामाला लागला. तिथे एका रविवारी मैदानाच्या कडेला उभा असताना बॉल बाहेर आला, आणि त्याने तो दोन माणसांच्या डोक्यावरून झेलला. एवढंच निमित्त. पुढच्या आठवड्यात त्याच्या पायात कुणाचे तरी बूट होते. आयर्लंडहून जाऊन तो खेळ खेळलेल्या अगदी सुरुवातीच्या पोरांपैकी तो. पहिल्या मोसमभर तो लांबट बॉल त्याच्या पायावरून कुठेही जायचा, पोरं त्याला बटाटा म्हणायची, आणि दुसऱ्या मोसमात तीच पोरं त्याला खांद्यावर घेऊन फिरली. फायनलमध्ये त्याचं नाक मोडलं. मोडलेल्या नाकानिशी तो शेवटपर्यंत खेळला, आणि त्या नाकाची गोष्ट पुढे इथल्या पबमध्ये त्याच्यापेक्षा जास्त फिरली. मग तो कोच झाला. मोसमभर एकही सामना न जिंकलेली टीम त्याने घेतली आणि तिला कप मिळवून दिला. त्यानंतर वर्षानुवर्षं लहान पोरं शिकवली. रेल्वे गेली, गाव रिकामं होत गेलं, टीम बंद पडली. शेवटच्या पोरांनी निरोपाला दिलेला बॉल घेऊन तो परत आला. बायको तिकडच्याच मातीत राहिली, मुलगी पर्थला.

हे सगळं त्याने मला भिंतीपलीकडून सांगितलं, सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांत, कपडे वाळत घालताना, कचऱ्याचे डबे बाहेर काढताना. त्यातलं मला सर्वांत जवळचं वाटलं ते कपडे बदलायच्या खोलीचं वर्णन. लाकडी बाकं, पत्र्याचं छप्पर, आणि मॅचच्या आधी सगळ्यांनी मांड्यांना चोळलेलं निलगिरीचं तेल. "डोळ्यांतून पाणी यायचं," तो म्हणाला, "आणि मग कुणाची भीती वाटायची नाही." निलगिरी म्हटल्यावर मी हातातली चादर तशीच धरून उभी राहिले. आमच्या शाळेच्या खो-खोच्या टीमला सर निलगिरीचं तेलच चोळायला द्यायचे. पाणी मारलेलं मैदान, चुन्याच्या रेषा, गुडघ्यांवरचे ओरखडे आणि तो वास. मी एकेकाळी बरी खेळायचे. का सोडलं, ते सांगण्यात आता काही अर्थ नाही. पण दसऱ्याला सर खो-खोच्या खांबाला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि आम्ही मुली खांबाला हात लावून पाया पडायचो, तेवढं मात्र कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकलेलं नाही.

मार्टिनकडून मात्र काढून घेतलं. तो परत आला तेव्हा क्लबने त्याला बारा वर्षांखालची पोरं दिली, गेटची किल्ली दिली. एक मोसम. त्याने पोरांना उंच उडी मारायला शिकवलं, माणसाला नव्हे तर मोकळ्या जागेला पास द्यायला शिकवलं, आणि एका पावसाळी संध्याकाळी हा लांबट बॉल मैदानावर आणला. तिथे बिनसलं. आपला खेळ बिघडवतोय, परक्या सवयी लावतोय, अशी बोलणी सुरू झाली. क्लबचा आताचा अध्यक्ष पॉरिक तेव्हा नुसता एका पोराचा बाप होता. तोच किल्ली मागायला त्याच्या दारात आला. "अगदी गोड बोलला," मार्टिन म्हणायचा, "चहाही प्यायला." गोड बोलून गळा कापायची कला पुण्यात जन्मलेल्यांनाच येते असं मला वाटायचं. इथे आल्यावर माझा तो गैरसमज दूर झाला.

त्यानंतर मार्टिन त्या गेटातून कधी आत गेला नाही. गोलच्या मागे मैदानाची उंच भिंत आहे, तिच्याबाहेर, रस्त्याच्या कडेला तो उभा राहायचा. दर शनिवारी, टोपी घालून. भिंतीवरून आला की बॉल झेलायचा आणि आत परत टाकायचा. आतली पोरं "थँक्स, मिस्टर" असं ओरडायची. भिंतीपलीकडे कोण आहे ते त्यांना माहीत नव्हतं आणि मोठ्यांना माहीत होतं. वीस वर्षं हा माणूस बाहेरून बॉल आत टाकत राहिला, आणि एकाही मोठ्याला आतून म्हणावंसं वाटलं नाही की बाबा रे, पाऊस पडतोय, आत ये.

दोन हजार वीसच्या वसंतात सगळंच बंद झालं. आमचा कारखाना चालू होता, हृदयात घालायच्या नळ्या कुणीतरी बनवायला हव्यात, म्हणून मी आणि नवरा आळीपाळीने जायचो. शाळा बंद. सत्तरीपुढच्या माणसांना तर घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही असा हुकूम, त्याला इथे कोकूनिंग हे गोंडस नाव. किड्याला कोशात घालावं तसं माणसाला घालायचं आणि तुमच्याच भल्यासाठी म्हणायचं. मार्टिनचा शनिवारही गेला. तो अंगणात फेऱ्या घालायचा. दहा वर्षांची ईरा आमच्या अंगणात फेऱ्या घालायची. एका दुपारी भिंतीवरून लांबट बॉल आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर आला.

त्या दिवसांचा उजेड मला अजून दिसतो. गाड्या नाहीत, विमानं नाहीत, हवेत पीटच्या, इथे चुलीत जाळतात त्या दलदलीतल्या मातीच्या, धुराचा वास, काटेरी झुडपांवर पिवळी फुलं. भिंतीच्या त्या बाजूने म्हातारा बॉल टाकतोय आणि या बाजूने माझी पोर उडी मारतेय. "खाली यायची वाट बघू नकोस," तो ओरडायचा. "वर जा आणि घे!" ईरा पडायची, उठायची. मराठी तिला समजतं पण तोंडातून सगळं गॉलवेचं इंग्रजी. तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, "आई, आय वॉज फ्लाइंग."

दर वेळी बॉल सॅनिटायझरने पुसायचा, हा माझा नियम. महिन्याभरात चामडं कोरडं पडलं, शिवणीपाशी भेगा दिसायला लागल्या. मला अपराध्यासारखं झालं आणि मी आपल्या माणसांना सुचतं तेच केलं. चटका लागला, भेग पडली, केस रुक्ष झाले, दार करकरलं, सगळ्याला एकच औषध. रात्रभर बॉलला खोबरेल तेल जिरवलं आणि सकाळी मोठ्या कौतुकाने भिंतीवर ठेवला. मार्टिनने उचलला तर हातातून सटकून त्याच्याच पायावर पडला. त्याने वास घेतला.

"बाई, तू बॉलचा खोबऱ्याचा केक केलास," तो म्हणाला.

"चामडं सुकलं होतं."

"त्याला मेंढीची चरबी लागते! हा आता हिवाळ्यापर्यंत कुणाच्या हातात टिकायचा नाही."

मी ओशाळले. तो मात्र हसत सुटला, खोकला लागेपर्यंत हसला. त्यानंतर ईराने झेल घेतला की म्हणायचा, तेल लावलेला बॉल धरते ती पोरगी काहीही धरेल.

जुलैमध्ये मैदानं उघडली. पोरांना लहान लहान गटांत खेळवायचं, प्रत्येक गटाला वेगळा कोच हवा, म्हणून क्लबकडे माणसं कमी पडली. गावभर निरोप फिरला, ज्याला कुणाला शिकवता येईल त्याने नाव द्यावं. बँकेतला कारकून गेला, आयुष्यात कधी धावला नाही असा औषधवालाही गेला. मार्टिनने दाढी केली. जुनी शिट्टी गळ्यात घातली आणि फोन खिडकीत ठेवून अंगणात बसला. नाव द्यायला गेला नाही. "मी कुठे राहतो ते त्यांना माहीत आहे," तो म्हणाला. त्याला एकदाच त्या गेटातून आत जायचं होतं, पोरांच्या घोळक्यात, कुणीतरी बोलावलं म्हणून. दुसरं काही त्याला या जगाकडून नको होतं.

ईराने भिंतीवर कोपरं टेकून त्याला विचारलं, "तूच म्हणतोस ना, वाट बघायची नाही म्हणून? मग का बघतोयस?"

मार्टिनने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "बॉलचं वेगळं असतं आणि माणसांचं वेगळं," तो म्हणाला.

शेवटी मीच पॉरिकला गाठलं, दुकानाबाहेरच्या रांगेत, मास्कमधून. म्हटलं, मार्टिन आहे, कोच आहे, तयार आहे. पॉरिकने छातीवर हात ठेवला. "आमचं किती प्रेम आहे त्याच्यावर तुला कल्पना नाही. म्हणूनच. त्याच्या वयात धोका नको. त्याला काही झालं तर आम्ही स्वतःला माफ करू का?" वीस वर्षं वय आड आलं नव्हतं तेव्हा काय आड येत होतं, हे विचारायला हवं होतं. पण रांग पुढे सरकली आणि तो "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इथलं ठीक आहे, ठीक आहे, करत आत गेला. मी मार्टिनला काही सांगितलं नाही. त्याने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी गळ्यात शिट्टी नव्हती.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा सगळं बंद झालं, पण एकट्या राहणाऱ्या माणसाला एका घराशी जोडून घ्यायची मुभा होती. मार्टिनने आमचं घर निवडलं. दसऱ्याला मी टेबलावर पाट मांडला, त्यावर लॅपटॉप, माझा मोजमापाचा कॅलिपर, स्वयंपाकाची सुरी. ईराला म्हटलं, तुझी काय ती हत्यारं आण. ती भिंतीवरून उडी मारून गेली आणि मार्टिनसकट बॉल घेऊन आली.

"बॉलची पूजा?" मार्टिन दारातच थबकला. "आमच्या फादरला सांगू नका म्हणजे झालं."

"ज्यावर पोट भरतं आणि जीव असतो, ते सगळं पुजायचं," मी म्हटलं.

त्याने टोपी काढली. मी बॉलला हळद लावली, कुंकू लावलं. तेलकट चामड्यावर कुंकू सरकलं आणि नाडीवर उतरलं, पांढऱ्या नाडीवर लालभडक. मी पुसायला गेले तर त्याने माझा हात धरला. आपट्याची पानं इथे कुठून आणणार, कुंपणावरची पानं सोनं म्हणून वाटली. मार्टिनने सोनं खिशात ठेवलं, शिरा दोनदा घेतला. जाताना बॉल उचलला नाही. "राहू दे तुमच्या प्रेसमध्ये," म्हणाला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. "माझ्या घरात ओल आहे. आणि त्याचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं." त्याचे डोळे भरले होते. निलगिरी नव्हती, काही नव्हतं.

जानेवारीत ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून त्याने ईराकडे बघून हात वर केला, झेल घे अशी खूण करतात तसा. मग रोज एक फोन, आणि मग फोन नाही.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. भाचे-पुतणे झाले, शेवटच्या दोन जागा क्लबने घेतल्या. पर्थची मुलगी चर्चच्या कॅमेऱ्यातून बघत होती. आम्ही रस्त्यावर. त्या वर्षी इथे तशी रीतच पडली होती, माणसं रस्त्याच्या दुतर्फा अंतर राखून उभी राहायची आणि गाडी हळूहळू पुढे जायची. मैदानाच्या गेटापाशी क्लबची माणसं रंगीत जॅकेट घालून दोन रांगांत उभी होती. गेटाला झेंडा होता, जर्सी टांगली होती. पॉरिकचे डोळे लाल होते, खरोखर लाल. गाडी गेटासमोर मिनिटभर थांबली. आत मात्र नेली नाही. गेट त्या दिवशीही बंदच होतं, नियम होता म्हणे. मी आणि ईरा गोलमागच्या भिंतीपाशी उभ्या होतो, तो उभा राहायचा तिथे. मी रडले नाही. माझ्या तोंडात कडू चव आली होती आणि ती कितीतरी दिवस गेली नाही.

उन्हाळ्यात मार्टिनच्या मुलीचा पर्थहून फोन आला. क्लब बाबांसाठी कपाट करतोय, बॉल तुमच्याकडे आहे का, देऊन टाकाल का? तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती मुलगी, ते त्याचं गाव. मी भिंतीपलीकडची बाई. ईराने बॉल कागदात गुंडाळू दिला नाही, तसाच छातीशी धरून घेऊन गेली.

कपाट उघडलं त्या दिवशी मैदानावर तंबू होता, सँडविच होते, पॉरिकचं भाषण होतं. "हा आपला माणूस," पॉरिक म्हणाला. "आपल्या गावाची उडी त्याने जगाच्या टोकाला नेली." टाळ्या पडल्या. मग आम्हाला आत नेऊन त्याने काचेवर बोट ठेवलं. "आणि हे बघा. नाक मोडलं त्या फायनलचं रक्त. अजून आहे." खाली छापलेल्या पाटीवर तेच लिहिलं होतं. बाया हळहळल्या, एकाने फोटो काढला.

"दॅट्स नॉट ब्लड," ईरा म्हणाली, चांगली खणखणीत. "दॅट्स माय आईज कुंकू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मीही बोलले. म्हटलं, हो, हे माझ्या घरातलं आहे, गेल्या दसऱ्याचं, आणि हा त्या फायनलचा बॉलही नव्हे, हा त्याने शिकवलेल्या शेवटच्या पोरांनी दिलेला आहे. पॉरिक ईराच्या डोक्यावरून हात फिरवत हसला. "किती गोड! मार्टिनला फार आवडलं असतं." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पण पाटी छापून झाली आहे. आणि खरं सांगू का, रक्ताची गोष्ट पोरांना जास्त आवडेल."

पाटी तशीच आहे. मी दोनदा सांगून पाहिलं. आता सांगत नाही, आता फक्त उभी राहते.

यंदाचा दसरा कामाच्या दिवशी आला. घरी येऊन पाट मांडला, लॅपटॉप, कॅलिपर, सुरी. मधे एवढी मोठी जागा रिकामी राहिली की ईराने विचारलंसुद्धा नाही. पूजा उरकून तिला प्रॅक्टिसला सोडलं. आज कपाटासमोर जाववेना, म्हणून इमारतीला वळसा घालून गोलमागच्या भिंतीबाहेर जाऊन उभी राहिले. गवत ओलं होतं. आत शिट्टी वाजत होती, कुणीतरी ओरडत होतं, आणि बॉल भिंतीवरून आला.

मी खाली यायची वाट बघितली नाही. चाळिशीची बाई, पायात ऑफिसचे बूट, गेली वर आणि घेतला. पाय मुरगळला, पण बॉल हातातच होता. पांढऱ्या बॉलवर माझी बोटं उमटली होती, लाल. पूजेनंतर हात नीट धुतले नव्हते. फेकणार तेवढ्यात भिंतीच्या टोकाशी एक पोरगं धावत आलं, हात पुढे करून.

"मिसेस, रक्त येतंय तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "हे कुंकू आहे. आत जाऊन सांग सगळ्यांना, हे कुंकू आहे."

त्याने बॉलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ग्रँड," म्हणाला, बॉल चड्डीला खसाखसा पुसला आणि आत पळून गेला.